पायाचे हाड, लेकीचे घर

२७ ऑक्टोबर, वाई

कडबोळे हा पदार्थ दातांच्या साहाय्याने खावयाचा असतो, याबद्दल आजवर पंडितांत मतभेद नव्हता. यंदाच्या दिवाळीत पद्माने तो निर्माण केला. आज सकाळी चहाबरोबर मी एक कडबोळे उजव्या दाढेखाली घेतले, तेव्हा कडबोळे होते तसेच राहिले आणि दाढ हलली. भाजणी बिघडली, मोहन कमी पडले, की गिरणीचा दगडच पिठात उतरला, याची निःपक्षपाती चौकशी व्हावी अशी मागणी मी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून केली.

पद्मा म्हणाली, "शेजारच्या लालासाहेबांच्या नातवाने काल डबा रिकामा केला. त्याचे अजून दुधाचे दात आहेत."

साक्षीदार अल्पवयीन असल्याने साक्ष ग्राह्य धरली नाही.

दोन-तीन महिने माझा उजवा गाल भरल्यासारखा दिसतो आहे. माझ्या मते प्रकृती सुधारते आहे. पद्माच्या मते दातांच्या डॉक्टरला दाखवावे. लग्नाला एकतीस वर्षे झाली. माझे मत आणि आमचा निर्णय या दोन गोष्टी एकदाही भेटलेल्या नाहीत.

३० ऑक्टोबर

दातांचा डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला. संस्कृतात नापास झालेला. फोटो काढून तो उजेडाला धरून उभा राहिला आणि बराच वेळ गप्प बसला. शाळेत कधी बसला नव्हता.

"सर, तंबाखू?"

"नाही."

"मशेरी? गुटखा?"

"अरे, मी संस्कृत शिकवतो."

"त्याने काही फरक पडत नाही, सर."

जबड्याच्या हाडात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसत आहेत म्हणे. तुकडा काढून तपासायला पाठवला.

९ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. गाठीचे नाव अमेलोब्लास्टोमा. नाव परदेशी असले तरी वागणूक अस्सल आपल्याकडची. आवाज करायचा नाही, घाई करायची नाही, दरवर्षी वीतभर दुसऱ्याचा बांध कोरत राहायचे. कॅन्सर नाही, हे सगळ्यांनी इतक्या आनंदाने सांगितले की मला पेढे वाटावेत असे वाटले. मग सावकाश पुढचे सांगितले. हाड दाढेपासून हनुवटीपर्यंत पोखरले आहे. तेवढा जबडा कापून टाकायचा आणि त्या जागी पायातले हाड काढून बसवायचे.

घाटावरच्या मंडळींत आज सायंकाळी शास्त्रार्थ झाला. पायाचे हाड मुखात गेल्यावर त्या मुखाने म्हटलेले मंत्र देवाला चालतील काय? मुख कोणाचे आणि पाय कोणाचे, याची वाटणी करून ठेवणाऱ्या जुन्या ऋषींनी ही शक्यता गृहीत धरलेली दिसत नाही. एकाने प्रायश्चित्त सुचवले. मी म्हटले, "तुमच्या मुखातून इतकी वर्षे जे निघते आहे ते ऐकता, तुमचे हाड आधीपासूनच पायाचे असावे." तो उठून गेला. वाईत विनोद कळणारी माणसे उरली नाहीत.

१३ नोव्हेंबर, सांगली

पुण्याला जाऊ असे मी म्हणत होतो. पद्मा म्हणाली, "अबोलीने सगळी चौकशी केलीय. सांगलीला डॉक्टर चांगल्या आहेत. आणि कुंडल जवळ आहे." पहिले कारण मला अर्धवट पटले. दुसरे अजिबात नाही.

अबोली आमची एकुलती एक. शेतकी कॉलेजात शिकली, तिथेच वीरधवल भेटला, दोन वर्षांपूर्वी लग्न करून कुंडलला गेली. पलूसला माती तपासण्याची प्रयोगशाळा चालवते. वीरधवल ऊस आणि द्राक्षे लावतो. व्याही जोतीराम फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. लग्नाच्या मांडवात त्यांनी भाषण केले. मी वार्ताहर. सव्वीस वर्षे सकाळी शाळेत संस्कृत शिकवून दुपारी साताऱ्याच्या दैनिकाला वाईच्या बातम्या पाठवतो. समारंभ बघून गप्प बसणे धर्माविरुद्ध आहे. म्हणून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक हलकेफुलके टिपण टाकले: "वरपित्याचे भाषण परेडसारखे झाले. पाय पुष्कळ आपटले, पुढे काही गेले नाही." सगळ्यांनी हसण्याची चित्रे पाठवली. कुणीतरी ते अबोलीला पाठवले असावे. तेव्हापासून तिचा फोन येतो, "बाबा, बीपीची गोळी घेतलीत?" एवढे विचारते आणि आईला द्यायला सांगते. मुली सासरी गेल्या की विनोदबुद्धी माहेरी ठेवून जातात.

कुंडलला मी अजून एकदाही गेलेलो नाही. गेल्या वर्षी विहीणबाईंनी हुरड्याला बोलावले होते. उसाच्या फडाकडेला बसून धूर खाण्याची हौस मला नव्हती, म्हणून शास्त्र पुढे केले: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी आम्ही घेत नाही, नातू झाला की बघू. वास्तविक ही रूढी मी मानत नाही. शाळेत तिच्याविरुद्ध बोललेलो आहे. पण रूढ्यांचा उपयोग एवढाच असतो. अबोलीने फोन ठेवला. पद्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कारण अजून कळलेले नाही.

असो. डॉ. क्रांती चाळिशीच्या आहेत, पलूसकडच्या शेतकरी घरातल्या. टेबलावर एक पांढरा प्लास्टिकचा जबडा ठेवला होता.

"हा कुणाचा?" मी विचारले.

"तुमचाच. स्कॅनवरून छापून घेतला. हाड धरणारी धातूची पट्टी याच्यावर आधीच वाकवून ठेवणार, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर वेळ जात नाही."

सव्वीस वर्षे माझ्या बातम्या तीन ओळी कापून छापतात. जबडा मात्र संपूर्ण छापला.

"सर, गुडघ्याखाली दोन हाडं असतात," त्या सांगू लागल्या. "भार सगळा एकावर. दुसरं नुसतं सोबतीला. ते काढलं तरी चालता येतं."

"आमच्या दैनिकात असे सहा उपसंपादक आहेत."

त्या हसल्या नाहीत. त्या हाडाबरोबर त्याची रक्तवाहिनी आणि कातड्याचा एक तुकडाही येणार. हाडाचे तीन तुकडे करून जबड्याचा बाक द्यायचा, पट्टीला जखडायचे, आणि रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला भिंगाखाली केसासारख्या दोऱ्याने शिवायची. रक्त धावले तर हाड जगेल. नाही धावले तर सगळे काढून टाकावे लागेल.

"आणि बोलणे?"

"जीभ शाबूत आहे. सुरुवातीला जड जाईल. सराव केला की येईल. बहुतेकांना येतं."

'बहुतेकांना' हा शब्द मी बातमीत कधी वापरत नाही. संपादक विचारतात, बहुतेक म्हणजे किती?

आणखी एक शास्त्रीय माहिती मिळाली. पायाच्या कातड्यावर केस असतात. ते तोंडात गेल्यावरही काही दिवस वाढतात. म्हणजे यापुढे मला न्हाव्याकडे जाऊन आ करावा लागेल.

पद्मा तो प्लास्टिकचा जबडा मांडीवर घेऊन त्यावर पदर टाकून बसली होती. परत द्यायला सांगितले तेव्हा दिला.

१७ नोव्हेंबर

उद्या. भूलवाल्यांनी विचारले, घोरता का? मी नाही म्हटले, पद्माने हो म्हटले. तिचे लिहून घेतले.

२५ नोव्हेंबर

आज हातात पेन धरता आले. अक्षर कोंबडीचे आहे.

दहा तास चालले म्हणतात. शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला भोक, त्यात श्वासाची नळी. नाकात अन्नाची नळी. मानेतून निचऱ्याच्या नळ्या. डावा पाय फळीला बांधलेला. जलस्वराज्य योजनेचे उद्घाटन माझ्या अंगावर झाले होते. दर तासाला एक नर्स यायची, गालाला पेनासारखे यंत्र लावायची, आणि त्यातून सूं-सूं आवाज यायचा. रक्त धावतेय याची खूण. इतके लक्ष देऊन आयुष्यात माझे कुणी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज फिका झाला. तोंडातला कातड्याचा तुकडा निळा पडू लागला. डॉ. क्रांतींनी सुई टोचली, रक्त काळे आले. अर्ध्या तासात पुन्हा आत. शिरेत गुठळी झाली होती. जाताना अबोली खाटेबरोबर पळत होती. ती काहीतरी म्हणत होती; चाकांच्या आवाजात ऐकू आले नाही. बाहेर आल्यावर विचारायचे तर बोलता येत नव्हते.

तुकडा पुन्हा गुलाबी झाला. तीन दिवसांनी डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

२७ नोव्हेंबर

वीरधवलने पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मोबाइलवर टाइप करता येते असे मी खुणेने सांगितले, तर म्हणतो, "बाबा, पाटी बरी. सगळ्यांना एकदम दिसती." मास्तराला पाटी देऊन पहिल्या यत्तेत बसवण्याचे श्रेय या जावयाचे.

पाटीने एक मोठा अन्याय केला आहे. उपहास ताजा असतानाच वाढावा लागतो. समोरचा मूर्खासारखे बोलतो, मी पेन्सिल उचलतो, सुंदर वाक्य रचतो. तोवर विषय बदलून चहावर गेलेला असतो. मग ते वाक्य घेऊन शिळ्या भजीसारखे बसावे लागते. शिवाय पाटी लहान आहे. एका दिवसात माझे सगळे वाङ्मय 'पाणी', 'पाय दुखतो', 'बरे' आणि 'खिडकी' यांवर आले.

आज लालासाहेब वाईहून भेटायला आले. माझ्याकडे बघून पद्माला हळूच म्हणाले, "वहिनी, खरं सांगा, कधी चोरून तंबाखू खात होते का?" पाटीवर उत्तर अर्धे लिहून झाले तोवर ते केळी ठेवून गेले. ज्याचे तोंड उघडत नाही त्याला केळी.

२९ नोव्हेंबर

आमच्या दैनिकात माझी बातमी आली. "आमचे वाई येथील वार्ताहर गंगाधर यांच्या तोंडाची शस्त्रक्रिया यशस्वी. वाई परिसरात समाधान व्यक्त होत आहे." हे शेवटचे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिले आहे. ते खरे असू शकते अशी शंका आज प्रथमच आली.

१ डिसेंबर

अबोली रोज दुपारी पलूसहून येते आणि स्टूल ओढून बसते. पहिले दोन दिवस गप्प होती. मग बोलू लागली. कुणाच्या शेतात क्षार वर येऊन चोपण लागले, कोण मातीचा नमुना म्हणून चुलीतली राख घेऊन आला, सासऱ्यांनी मोबाइलमध्ये हवामान बघून अख्ख्या गल्लीला कशी पहाटे हाळी दिली. "लय हसलो आम्ही," म्हणाली. 'लय'! बालपणी हिला रोज सकाळी विष्णुसहस्रनाम पाठ म्हणायला लावले त्याचे हे फळ. पाटीकडे हात गेला होता, पण हातात सलाईनची सुई होती.

तासभर बोलते. इतकी बोलकी ती केव्हा झाली, मला ठाऊक नाही. लहानपणी घुमी होती.

२ डिसेंबर

आहारतज्ज्ञ मुलीने कागद दिला: नळीतून दूध, सातूचे पीठ, डाळीचे पाणी, आणि रोज दोन अंडी. पद्माने माझ्याकडे पाहिले. आमच्या घराण्यात अंडे फक्त गणितात, शून्य म्हणून आलेले आहे. इतक्यात जोतीराम आत आले. मोठी मिशी, ताठ पाठ, खोलीत शिरतात ते पाहणीला आल्यासारखे.

"घाला की वैनी," ते म्हणाले. "नळीतनं गेल्यालं देवाला दिसत न्हाई. फौजेत आमचा एक पंडितजी हुता, बरफात त्यो डोळं झाकून खायचा. म्हणायचा, मी बघितलंच न्हाई."

मीही विचार केला. शास्त्रात भोजन म्हणजे जिभेने चव घेऊन गिळलेले. नाकातून परस्पर पोटात उतरते ते भोजन नव्हे, फार तर भरणा. पाटीवर लिहिले, 'भक्षण नव्हे.' अंडी सुरू झाली.

हा सिद्धान्त लगेच उपयोगी पडला, कारण संध्याकाळी डॉ. क्रांतींनी फर्मावले की आणखी तीन आठवडे मी सांगलीपासून तासाभराच्या आत राहायचे. वाई तीन तासांवर. शिवाय आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, आणि माझा पाय फळीत. राहता राहिले कुंडल. लेकीच्या घरचे खात नाही म्हणून सांगून बसलेला माणूस लेकीच्याच घरी नळीने भरायला चालला. पण नळीतले अन्न भोजन नसल्याने वचनभंग होत नाही. हे कुणी विचारले नाही, तरी मुद्दा तयार ठेवला आहे.

५ डिसेंबर, कुंडल

घर मोठे, पुढे अंगण, मागे गोठा, पलीकडे तुटायला आलेला ऊस. मला पुढच्या खोलीत ठेवले आहे, कारण तिथून सगळे दिसते. म्हणजे मी सगळ्यांना दिसतो. गावातला प्रत्येक माणूस दारातून डोकावतो आणि विहीणबाईंना विचारतो, "तंबाखू व्हय?" अंबूबाई ठणकावून सांगतात, "न्हाई, गुरुजी हायती ते." हे उत्तर दातांच्या डॉक्टरला दिले होते तेव्हा चालले नव्हते. इथे चालते.

लष्करी नियोजनाचा एक नमुना: गोठ्यात दोन दुभत्या म्हशी असताना जोतीराम रोज पहाटे किटली घेऊन हरणाबाई म्हणून कुणी आहेत त्यांच्या वस्तीवर जातात, जाऊन-येऊन दोन मैल, आणि माझ्या नळीसाठी दूध आणतात. घरचे दूध बाकीचे पितात. सुभेदारपद कशावर देतात ते आता कळले.

८ डिसेंबर

वॉकर घेऊन अंगणात चालायचा हुकूम आहे. घोटा कडक झालाय, मांडीचे कातडे काढून पायाला लावलेले, तिथे आग होते. मी चार पावले टाकून थांबलो.

"पाव्हणं, टाच आदी," जोतीराम बाजूने चालत म्हणाले. "आंगठ्यावर भार देऊ नगा. एक... दोन... थांबू नगा."

मी थांबलो.

"आवं, पाय आपटला तरी चालंल," ते म्हणाले. "लय आपटा. म्होरं न्हाई ग्यालं तरी काय बिघडत न्हाई."

मी वर पाहिले. मिशीखाली ते हसत होते.

"ल्येकानं दावलं हुतं मला मोबाइलवर. पैल्यांदा लागलं जरा. मंग आमच्या पल्टनीच्या गटावर टाकलं. लय खूस झाली पोरं. म्हणली, सुभेदारसाब, पक्का वळिखलाय तुमाला."

पाटी खोलीत राहिली होती. बरे झाले. नाहीतर काय लिहिले असते, सांगता येत नाही. गोठ्यापर्यंत जाऊन आलो. त्यांनी मोजले, बेचाळीस पावले.

११ डिसेंबर

आज दुपारी अबोली पलूसला, पद्मा आंघोळीला. अंबूबाई नळीतून दूध सोडायला आल्या. वाटी उंच धरून धार सोडता सोडता बोलत होत्या, तोंडाला लागलेल्या सवयीने.

"गुरुजी, निवांत प्या. तुमचा नेम आमी मोडला न्हाई. दूध हरणाबाईचं, पीठ वैनींनी वाईस्नं आणल्यालं, डाळबी त्येंचीच. पातेलं सुदीक नवं घेतलंय. ह्या घरचा एक थेंब तुमच्या पोटात जायचा न्हाई. न्हाईतर उद्या पोरीला दोष लागायचा."

मी वाटीकडे बघत राहिलो.

"पोरीच्या वाटणीचं काय राखायचं ते आमीच राखाय पायजे. आदीच येकदा झालंय. गेल्या हुरड्याला तुमाला बलीवलं, तवा पोर दवाखान्यातनं घरी आल्याली चवथा दिस. चवथाच म्हैना हुता. मी म्हणलं, हुरड्याचं निमित्त करू, आईबाप आलं म्हंजी पोरीला जरा बरं वाटंल. मंग तुमचा निरोप आला, नातू झाल्याबगार पाय ठेवत न्हाई. मी म्हणलं, व्हय, नेमाचं मानूस हाय. पोर भिंतीकडं त्वांड करून निजली. दोन दिस उठली न्हाई." त्यांनी वाटी खाली ठेवली. "आसू दे. देईल देव. तुमी वाईट वाटून घिऊ नगा. जखमेला बरं नसतंय."

नळीला बूच लावून त्या गेल्या.

त्यांना वाटते, मला सगळे माहीत होते.

पद्मा आली तेव्हा पाटीवर लिहिले: 'मला का नाही सांगितले?' तिने वाचले. काय, असे विचारले नाही. केस पुसत राहिली.

"अबोलीनेच सांगू नको म्हटलं होतं."

मी 'का' लिहिले.

"म्हणाली, बाबा त्याच्यावरही काहीतरी छान बोलतील."

१२ डिसेंबर

पहाटे जोतीराम किटली घेऊन निघाले तेव्हा मी खिडकी वाजवली. आत आले. पाटीवर रात्रीच लिहून ठेवले होते: 'नेम खोटा होता. यायचे नव्हते म्हणून सांगितला.'

त्यांनी चष्मा लावून वाचले. पुन्हा वाचले. मग शर्टाच्या बाहीने पाटी स्वच्छ पुसली, माझ्या उशाशी ठेवली आणि आत हाक मारली, "अंबू, पाव्हणं म्हणत्यात, आजपास्नं घरचं दूध चालंल."

"आन् नेम?"

"सुटला त्यांचा नेम. पुरा झाला."

किटली खुंटीला अडकवून ते गोठ्यात गेले.

१६ डिसेंबर

सांगलीला जाऊन आलो. नाकातली नळी काढली. फोटोत हाड जागेवर आहे. तीन तुकडे पट्टीला धरून नीट बसलेत, जुन्या हाडाशी सांधायला लागलेत. दात सात-आठ महिन्यांनी. गळ्याचे भोक केव्हाच बुजले आहे. डॉ. क्रांतींनी खूप वेळ तोंडात बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाल्या, "उत्तम. आता बोला."

मी मान हलवली.

"दुखतं?"

मी मान हलवली.

"आतापर्यंत यायला हवं होतं. जीभ हलतेय, ओठ मिटतात." त्या पद्माकडे वळल्या. "सराव करून घ्या. न बोलता राहिले तर जबडा आखडेल, मग खरंच अवघड जाईल."

 येताना गाडीत अबोली पुढे बसली होती. वीरधवल उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला तरी त्याने हॉर्न वाजवला नाही.

रात्री अंबूबाईंनी मऊ भाताची पेज केली, वर घरचे तूप. अबोलीने पहिला चमचा दिला. उजवीकडून थोडी ओघळली, तिने पुसली. चव लागली. एका महिन्यानंतर मीठ लागले. अंडे दिले असते तरी खाल्ले असते.

१९ डिसेंबर

अबोली आता दुपारी प्रयोगशाळेतून लवकर येते. मला अक्षरे म्हणून दाखवते, मीच तिला शिकवलेल्या क्रमाने. मी ओठ हलवतो, आवाज काढत नाही. ती चिडत नाही. मग थकते आणि स्वतःचेच बोलायला लागते. काल प्रथमच गेल्या वर्षीचे सांगितले, मी सगळे ऐकले आहे हे ठाऊक नसताना. पूर्ण सांगितले. दवाखान्यातली खोली, वीरधवल बाहेर कसा उभा राहिला, घरी आल्यावर सासूने केस कसे विंचरून दिले. मी मधे काही म्हणू शकत नाही म्हणून तिने सांगितले, हे मला कळते. तेवढा मी शिकलेला आहे. सांगून झाल्यावर तिने माझ्या पायावर हात ठेवला, ज्यातले हाड गेले त्या.

संध्याकाळी जोतीराम तिला म्हणत होते, "नगं काळजी करू पोरी. येईल आवाज. त्येंचा आवाज आसा-तसा जायाचा न्हाई."

ती म्हणाली, "आला नाही तर काय करायचं, मामा?" आणि रडली. मी खिडकीच्या आत होतो.

२१ डिसेंबर

हे कुठेतरी लिहिले पाहिजे.

मला बोलता येते. नऊ तारखेपासून. सगळे उसाच्या तोडीला गेले होते, मी वॉकर घेऊन गोठ्यात गेलो आणि म्हशीला म्हणालो, "काय गं, पेंड जास्त झालेली दिसते." शब्द बोबडे होते, पण सगळे आले. म्हशीने मान फिरवली. त्यानंतर रोज गोठ्यात जातो. डॉक्टर म्हणतात तो सराव तिथे होतो आहे. आज एक पूर्ण श्लोक न अडखळता म्हटला.

पद्माला संशय आहे. काल पाटीवर 'पाणी' लिहून दाखवले, तर ती माझ्याकडे बघत राहिली. पाणी दिले, पाटी पुसून परत दिली, आणि अबोलीला काही सांगितले नाही.

पोर रडते आहे आणि मी मुका बसलो आहे, हे नीच आहे. उद्या सांगायला हवे. पहिले वाक्य काय असावे म्हणून चार-पाच रचून पाहिली. प्रत्येकात शेवटी काहीतरी गमतीचे येते. वगळून पाहिले, वाक्य उरत नाही. दुसऱ्या पद्धतीने बोलायला मी शिकलोच नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी शिकता येते की नाही, माहीत नाही.

जबडा तुटेल, हाड सरकेल, गाठ परत येईल, याची मला फारशी काळजी नाही. मी बोलू लागलो की अबोली दुपारची स्टूल घेऊन बसायची थांबेल, याची आहे.